आयावास्का विधींची फॅसिलिटेटर होण्याआधी

प्रश्न: मी मूळची कोल्हापूरची, सध्या नोकरीनिमित्त नेदरलँड्समधील आइंडहोव्हनला राहते. वडील अचानक गेल्यानंतर मला नैराश्याने घेरले आणि बराच काळ गोळ्या चालू होत्या. मागील वर्षी पेरू देशात पुकाल्पा शहराजवळच्या एका केंद्रात शिपिबो या आदिवासी समाजाच्या वैद्यांच्या हातून आयावास्का हा वनस्पतींचा काढा घेतला. (जाण्याआधी दहा दिवस एस्सिटॅलोप्रॅम बंद केली; केंद्राने ईमेलमध्ये तसेच लिहिले होते.) वडील गेल्यानंतर तिथे मी पहिल्यांदा मनमोकळी रडले आणि परतल्यापासून मला बरे वाटते. आता नोकरी सोडून हेच काम करावे असे वाटते. एका युरोपीय जोडप्याचे केंद्र सहा आठवड्यांत फॅसिलिटेटरचे, म्हणजे विधीत पाहुण्यांना सांभाळणाऱ्या मदतनिसाचे, प्रमाणपत्र देते. शुल्क साडेचार हजार डॉलर आहे. नंतर गोव्यात मैत्रिणीच्या घरी हिवाळ्यात लहान गटांसाठी विधी घ्यावेत, अशी कल्पना आहे. पुकाल्पाच्या केंद्रातील वृद्ध मायेस्त्रा (वैद्यबाई) मला म्हणाल्या की, वनस्पती तुझ्याशी बोलतील. नवऱ्याला हा सगळा वेडेपणा वाटतो. मी काय करावे?

उत्तर: तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे. गोळ्या दहा दिवस आधी बंद केल्या, केंद्राने ईमेलमध्ये तसेच लिहिले होते, हे ते वाक्य. ज्या कामासाठी तुम्ही नोकरी सोडायला निघाला आहात, त्या कामाचा गाभा या कंसात आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

हा काढा कसा होतो ते तुम्ही तिथे पाहिले असेलच. मनगटाएवढी जाड वेल लाकडी मोगरीने ठेचायची, मोठ्या पातेल्यात तिचे आणि चाक्रुनाच्या पानांचे थर रचायचे, पाणी घालून चुलीवर दिवसभर उकळायचे, मग गाळून आटवायचे. पानांत डीएमटी हे भास घडवणारे द्रव्य असते, पण ते नुसते पोटात गेले तर मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर त्याचा तिथेच निकाल लावते आणि माणसाला काहीच होत नाही. वेलीतील हार्मीन आणि हार्मालीन ही द्रव्ये त्या विकराला काही तास रोखून धरतात, आणि म्हणून पानांचा परिणाम होतो. आता अडचण अशी की, तेच विकर आपल्या शरीरातील सेरोटोनिनही आटोक्यात ठेवते. तुमची एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी सेरोटोनिन वाढवणारी. एका बाजूने वाढ आणि दुसऱ्या बाजूने निचरा बंद अशी गाठ पडली, तर ताप चढणे, स्नायू ताठरणे, आचके येणे इथपासून जीव जाण्यापर्यंत काहीही घडू शकते. अशी विकररोधक द्रव्ये घेण्याआधी तुमच्या गोळीच्या जातीच्या बहुतेक गोळ्या किमान दोन आठवडे बंद हव्यात, आणि फ्लुओक्सेटिन शरीरात रेंगाळत असल्यामुळे तिला सुमारे पाच आठवडे द्यावे लागतात, असा वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. शिवाय गोळी एकदम सोडणे हा स्वतंत्र धोका आहे. ती कशी आणि कधी उतरवायची, किंवा उतरवायची की नाही, हे लिहून देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञानेच ठरवायचे असते. तुमच्या बाबतीत हे एका ईमेलने ठरवले. ते ईमेल लिहिणारी व्यक्ती कोण होती याची चौकशी तुम्ही केली, तर बहुधा उत्तर मिळेल की, ती त्या केंद्राची फॅसिलिटेटर होती.

म्हणजे उद्या ते ईमेल तुम्ही लिहिणार आहात. माझ्या मते या कामाची पहिली कसोटी मालोकामधील, म्हणजे विधीच्या मोठ्या झोपडीतील, त्या रात्री नसते. आलेला अर्ज बारकाईने वाचून ‘तुम्हाला घेता येणार नाही’ असे लिहिणे, आणि समोरच्याने आगाऊ पैसे भरलेले असले, तो काकुळतीला आलेला असला, मालकाला खोली रिकामी ठेवायची नसली, तरी त्या नकारावर ठाम राहणे ही ती कसोटी आहे. लिथियम घेणारा, उन्मादाचे झटके येऊन गेलेला, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असलेला, हृदयविकाराचा किंवा न आवरलेल्या रक्तदाबाचा रुग्ण, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध घेतलेला, अशा प्रत्येकाला परत पाठवावे लागते. आपल्याकडे मानसिक आजार लपवण्याची रीत किती खोल रुजली आहे हे तुम्ही जाणता. अर्जात ‘नाही’ लिहिणाऱ्याला फोन करून, घरच्यांविषयी हळूच विचारून, खरे काढून घेण्याचे कौशल्य सहा आठवड्यांत अंगी येत नाही.

आता या भूमिकेचा उगम पाहा, कारण तो कळला की तुमचे बरेच प्रश्न आपोआप मार्गी लागतील. उकायाली नदीकाठच्या शिपिबो-कोनिबो समाजात वैद्याला ओनान्या म्हणतात. जुन्या रीतीत काढा मुख्यतः वैद्यच घेत असे. रोगी शेजारी आडवा पडलेला असे, वैद्याला त्याचा आजार दिसे, आणि त्या आजारावर तो इकारो, म्हणजे उपचाराचे गाणे, गाई. सगळ्यांनी एकेक करून पेला घ्यायचा ही पद्धत रूढ झाली ती प्रामुख्याने परदेशी पाहुण्यांची वर्दळ वाढल्यावर. एका अंधाऱ्या मालोकामध्ये पंधरा-वीस परके लोक, कुणालाच शिपिबो येत नाही, बहुतेकांना स्पॅनिशही येत नाही, काही ओकत आहेत, काही घाबरले आहेत, आणि गाणाऱ्या मायेस्त्रांना गाण्यावरून लक्ष हलवता येत नाही. या परिस्थितीत दुभाषी, सेवक आणि राखणदार अशा तिन्ही नात्यांनी उभे राहणारे माणूस लागू लागले. फॅसिलिटेटर ते हे. ही भूमिका परंपरेने दिलेली नाही, पर्यटनाच्या गरजेतून आलेली आहे. ती कमी प्रतीची आहे असे मी मुळीच म्हणत नाही. चांगली फॅसिलिटेटर कुणाचा तरी जीव वाचवते. परंतु ती वैद्य नाही, वैद्याची धाकटी आवृत्ती नाही आणि वैद्य होण्याची पहिली पायरीही नाही.

त्या रात्रीचे तिचे काम दिसायला साधे असते. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून लाल उजेडाची विजेरी हातात घेऊन ती भिंतीकडेने फिरते. प्रत्येक गादीजवळ बादली आहे ना, ती भरली असेल तर रिकामी करून आणली आहे ना, हे बघते. कुणी शौचाला उठले तर ‘हात धरू का?’ असे विचारून, होकार मिळाल्यावरच कोपराला आधार देते, दाराबाहेर थांबते, आणि जरा जास्त वेळ झाला की नावाने हाक मारते. कुणी ओरडू लागले तर त्याला गप्प करण्याऐवजी त्याच्याजवळ जमिनीवर बसते. झोपल्यासारखा वाटणारा माणूस खरोखर झोपला आहे की त्याचा श्वास मंदावला आहे, हे ती छातीची हालचाल पाहून ठरवते, आणि शंका आली तर मायेस्त्रांचे गाणे मध्येच थांबवायला कचरत नाही. हे सगळे करणाऱ्याने स्वतः काढा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक केंद्रांत फॅसिलिटेटर थोडासा घेतात आणि त्यामुळे पाहुण्यांशी सूर जुळतो असे सांगतात. पण संकट आले तर पूर्ण शुद्धीवर असलेले किमान एक माणूस खोलीत असायलाच हवे, आणि ते माणूस तुम्ही नसाल तर दुसरे कोण, याचे उत्तर केंद्राकडे तयार पाहिजे.

वैद्य होण्याचा रस्ता वेगळा आहे, आणि तो तुम्ही जवळून पाहिला आहे. शिकणाऱ्याला एकेका वनस्पतीचे पथ्य धरावे लागते. त्याला तिथे दिएता म्हणतात. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही, डुकराचे मांस आणि दारू वर्ज्य, शरीरसंबंध वर्ज्य. जंगलातील एकट्या झोपडीत उकडलेली हिरवी केळी आणि थोडी मासळी खाऊन आठवडे, महिने काढायचे. बोबिन्साना, आहो साचा, चिरिक सानांगो अशी एकेक वनस्पती एकेका पथ्यात आपले गाणे देते, अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि वैद्याच्या हाताखाली अशी कित्येक पथ्ये वर्षानुवर्षे पाळल्यानंतर कुठे तो इतरांसाठी गाऊ लागतो. अनेकदा हे ज्ञान आजोबा-आजीकडून नातवाकडे आलेले असते. तिथे लहानपणापासून ऐकलेल्या भाषेत गायचे असते. सहा आठवड्यांच्या शिबिरातून बाहेर पडून हातात पेला धरणारा माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर कितीही सुबक शिपिबो नक्षी छापलेली असो.

मायेस्त्रा तुम्हाला जे म्हणाल्या ते त्यांनी मनापासून म्हटले असेल, यावर मी शंका घेत नाही. मात्र ‘वनस्पती तुझ्याशी बोलतील’ याचा अर्थ ‘तू इतरांना पाजू लाग’ असा त्यांनी सांगितलेला नाही. तो तुम्ही लावला आहे. त्यांच्या म्हणण्याचा मान राखायचा असेल, तर परत जाऊन त्यांनाच विचारा की, मी काय करावे असे तुम्हाला वाटते आणि त्याला किती वर्षे लागतील. युरोपीय जोडप्याला हा प्रश्न विचारून काही हाती लागणार नाही.

या जोडप्याविषयी मला व्यक्तिशः काही ठाऊक नाही, त्यामुळे त्यांच्यावर आरोप करत नाही. परंतु साडेचार हजार डॉलर भरण्याआधी त्यांना लेखी विचारावे असे काही आहे. विधी कोण चालवते, त्या वैद्यांना किती मोबदला मिळतो आणि तो कोण ठरवते? गाव किंवा वैद्यांची स्थानिक संघटना या केंद्राला ओळखते का? काढा कोण शिजवते, आणि त्यात तोए घालतात का? तोए हे आपल्या धोतऱ्याच्या अगदी जवळच्या नात्यातले झाड आहे, त्यात स्कोपोलामाइन असते. दृश्ये अधिक तीव्र व्हावीत म्हणून काही ठिकाणी ते काढ्यात मिसळतात, आणि धोतरा पोटात गेल्यावर माणसाची काय गत होते हे आपल्याकडे खेड्यापाड्यांत कुणालाही विचारा. सर्वांत जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, रात्री दोन वाजता तिथे कशाने पोहोचायचे, बोटीला इंधन भरून ठेवलेले असते का? केंद्र इक्विटोसच्या बाजूला असेल तर हा प्रश्न आणखी कळीचा होतो, कारण त्या शहराला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. आतापर्यंत कुणाला रुग्णालयात न्यावे लागले का, आणि त्यानंतर केंद्राने कोणता नियम बदलला? या शेवटच्या प्रश्नावर ‘आमच्याकडे असे कधी घडलेच नाही’ असे उत्तर आले, तर मी तिथे पैसे भरणार नाही.

एक प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढते. विधीच्या काळात आणि नंतरच्या अगतिक दिवसांत पाहुण्या स्त्रियांचे लैंगिक शोषण झाल्याच्या तक्रारी या क्षेत्रात वारंवार आल्या आहेत. त्या स्थानिक वैद्यांविरुद्ध आहेत, तशाच परदेशी चालकांविरुद्धही आहेत. ‘हा उपचाराचाच भाग आहे’ असे सांगून स्पर्श करणाऱ्याला शिपिबो रीतीचाही आधार नाही, कारण पथ्यातला शरीरसंबंधाचा निषेध त्यांच्याच शिस्तीतला आहे. फॅसिलिटेटर स्त्री असेल तर रात्री घाबरलेली पाहुणी तिच्याकडे धाव घेईल. त्या वेळी तक्रार तुमच्या मालकाविरुद्ध किंवा तुम्ही ज्यांना गुरू मानता त्यांच्याविरुद्ध असली, तर तुम्ही कुणाच्या बाजूने उभ्या राहाल, हे आजच स्वतःशी ठरवा. केंद्राशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी तक्रार नेण्याची सोय आहे का, हेही विचारा.

तुम्ही ज्या परिसरात गेला होतात तिथे परक्यांविषयीची सावधगिरी उगाच आलेली नाही. एप्रिल 2018 मध्ये पुकाल्पाजवळच्या व्हिक्टोरिया ग्रासिया या वस्तीत ओलिव्हिया आरेव्हालो या 81 वर्षांच्या मान्यवर शिपिबो वैद्यांना गोळ्या घालून ठार केले. संशय आला तो वनस्पतींचे शिक्षण घेऊन व्यसनमुक्तीचे काम करण्याच्या इराद्याने पेरूत आलेल्या एका कॅनेडियन माणसावर, आणि जमावाने त्याचाही जीव घेतला. त्याही आधी, 1986 मध्ये, अमेरिकेत एका व्यक्तीने या वेलीच्या एका वाणावर चक्क पेटंट मिळवले होते. अमेझॉनच्या आदिवासी संघटनांनी हरकत घेतल्यावर 1999 मध्ये ते रद्द झाले, 2001 मध्ये पुन्हा बहाल झाले आणि 2003 मध्ये मुदत संपल्यावरच विषय मिटला. हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्ध रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था लढली आणि 1997 मध्ये ते रद्द झाले, तेव्हा आपल्या घराघरांतून जो संताप आणि जो आनंद व्यक्त झाला, तो आठवून पाहा. म्हणजे बाहेरची व्यक्ती ‘आता हे मी शिकवते’ म्हणाली की शिपिबो वृद्धांना काय वाटत असेल ते मी वेगळे सांगायला नको.

त्या समाजाची वैद्यकी या एका पेल्यात मावतही नाही. 2020 मध्ये करोनाने त्यांची गावे होरपळली तेव्हा पुकाल्पा आणि यारिनाकोचा भागातल्या शिपिबो तरुणांनी ‘कोमांदो मातिको’ नावाचा गट उभा केला आणि मातिको या मिरीच्या कुळातील झाडाच्या पानांच्या वाफा, काढे देत रुग्णांची सेवा केली. वनौषधींचे काम करण्याची तुमची ओढ खरी असेल, तर तिला अशीही वाट आहे.

कायद्याविषयी थोडक्यात, पण नीट लक्षात ठेवावे असे. पेरूने 2008 मध्ये आदिवासी समाजांचे आयावास्काविषयीचे पारंपरिक ज्ञान आणि वापर यांना राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा घोषित केले आहे, त्यामुळे तिथे हे विधी उघडपणे चालतात. तरी पर्यटक म्हणून देशात शिरून पगारी काम करता येत नाही. ब्राझीलमध्ये मान्यता आहे ती धार्मिक वापराला, विक्रीला नाही. तुम्ही राहता त्या नेदरलँड्समध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये आयावास्का हा प्रसाद मानणाऱ्या सांतो दाइमे पंथाचा धर्मस्वातंत्र्याचा दावाही मान्य केला नाही, म्हणजे तिथे मित्रमंडळींसाठी ‘छोटीशी बैठक’ घेणेही गुन्ह्यात मोडेल. आणि भारतात डीएमटी हे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यात जामीन मिळणेही अवघड असते. गोव्यातील जागामालक मैत्रीणही त्यात अडकू शकते, कारण आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही हा कायदा सोडत नाही.

तेव्हा गोव्याच्या कल्पनेला माझा नकार आहे, आणि तो केवळ कायद्यापुरता नाही. तिथे ओनान्या नसेल, इकारो नसतील, काढा कुठून तरी बाटलीतून आलेला असेल आणि त्यात काय आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही. शिवाय येणारे बहुतेक जण तुमच्यासारखेच दुःखाने खचलेले, गोळ्या चालू असलेले असतील.

मग काय करावे? नोकरी सोडू नका. निदान वर्षभर तरी हा अभ्यासक्रम पुढे ढकला आणि त्या अवधीत स्पॅनिश इतके शिका की, रडणाऱ्या माणसाचे बोलणे मध्यरात्री समजेल. नेदरलँड्समध्ये प्रथमोपचाराचे आणि मानसिक आरोग्याच्या प्राथमिक मदतीचे रीतसर प्रशिक्षण सहज मिळते, ते घ्या. एखाद्या मरणासन्न रुग्णांच्या सेवागृहात किंवा हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून रात्रपाळी करा. दुसऱ्याच्या वेदनेजवळ, ती दूर करण्याची घाई न करता, तासन्तास बसणे तुम्हाला झेपते का, हे तिथे कळेल, आणि फॅसिलिटेटरच्या कामाचा तोच मोठा भाग आहे. त्यानंतरही ओढ टिकली, तर शिपिबो कुटुंबाच्या मालकीच्या केंद्रात, त्यांच्या शब्दाला अंतिम मानून, स्वयंपाकघर आणि बादल्यांपासून सुरुवात करण्याची तयारी दाखवून पत्र लिहा. त्यांनी नकार दिला तर तो माना.

तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना तुम्ही काय घेतले आणि गोळी कशी सोडली हे सांगितले आहे का, ते पत्रावरून कळत नाही. सांगितले नसेल तर या आठवड्यात सांगा. बरे वाटते आहे याचा मला खरोखर आनंद आहे, पण नैराश्य परत फिरून येऊ शकते, आणि ते आले तर त्या वेळी तुमच्यावर इतर पंधरा जणांची जबाबदारी असता कामा नये.

नवऱ्याशी बोलताना त्यांना ‘वेडेपणा’ या शब्दाबद्दल बोल लावण्यापेक्षा, वडील गेल्यानंतर तुम्ही किती काळ रडू शकला नव्हता आणि पुकाल्पाला काय घडले, एवढेच सांगा. त्यांना कदाचित पैशांची आणि नोकरीची नाही, तुमचीच काळजी वाटत असेल. वर्षभर काहीही सोडायचे नाही हे कळल्यावर त्यांचा विरोध बराच निवळेल, असा माझा अंदाज आहे.

आणि गोव्याच्या मैत्रिणीला आजच फोन करा. हिवाळ्यासाठी तिने ओळखीच्या लोकांना विचारायला सुरुवात केली असेल, तर त्यांच्यापैकी कुणी ‘तयारी’ म्हणून आपली गोळी आधीच बंद केली आहे का, हे तिच्याकडून काढून घ्या, आणि केली असेल तर त्या व्यक्तीला स्वतः फोन करून तिच्या डॉक्टरांकडे पाठवा.